बघ्यांचे वैरी

हवालदार आबांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका पत्र्याच्या दोन टोकांना. पारनेर तालुक्यातल्या त्या गावात प्राथमिक शाळेवर माझी नेमणूक झाली होती. फाट्यावर एस.टी.तून उतरले, ट्रंक एका बैलगाडीत टाकली आणि गावात पोचले, तर शाळेपुढे दोघे-तिघे वाऱ्यानं उडालेला पत्रा वर चढवायच्या खटपटीत होते. मी गावात नवी, अंगावर इस्त्रीची साडी. बाजूला उभी राहून पाहत होते. खाकी कोट घातलेला एक उंच म्हातारा माझ्याकडे वळला आणि खेकसला, "बाई, बघत काय हुबं राहिल्यात? धरा हिकडून!" मी इतकी दचकले की खरोखरच धरलं. पत्रा चढला, माझी साडी गंजानं तांबडी झाली, आणि मग त्यांनी शांतपणे विचारलं, "कोन गावच्या तुमी?"

मला राग आला होता. पुढे कळलं की हा प्रसाद गावात कुणालाच चुकलेला नाही. आबा पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. शेती थोडी, पेन्शन त्याहून थोडी, पण आवाज अजून परेडच्या मैदानावरचा. गाडी चिखलात रुतो, कुणाची गंजी पेटो, चारजण कमरेवर हात ठेवून उभे दिसले की आबांचं डोकं फिरायचं. "बघ्या म्हंजे निस्त्या डोळ्यांचा मानूस," ते म्हणायचे, "हात घरी ठिवून येतो." एकदा देवळाच्या ओट्याचं काम चाललेलं पाहायला कीर्तनकार बुवा आले, तर आबांनी त्यांच्या हातात चुन्याचं घमेलं दिलं. बुवांनी ते मुकाट्यानं वाहिलं आणि रात्री कीर्तनात नाव न घेता आबांवर असे आसूड ओढले की सगळा गाव आबांकडे माना वळवून हसला. आबा पहिल्या रांगेत बसून टाळी देत होते.

दुसरी गोष्ट, आबा फ्लॉरेन्सला जाऊन आले होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांची पलटण इटलीत लढली, त्या धामधुमीत. मला हे कळलं ते एका कॅलेंडरमुळे. माझ्या भावानं नगरहून एक परदेशी चित्रांचं कॅलेंडर आणून दिलं होतं, ते मी वर्गात लावलं. त्यातल्या एका पानावर नदी होती, नदीवर घरं बांधलेला जुना पूल होता, आणि सगळ्या कौलांच्या वर एक भला मोठा तांबडा घुमट. आबा पडवीतून आत आले, चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ह्ये फ्लॉरन्स."

मी हरखले. मुलांना म्हटलं, विचारा आबांना, तो घुमट आतून कसा आहे. आबा म्हणाले, "न्हाई पायला." मग तो मनोरा? "न्हाई." पुतळे, चित्रं, ज्यांच्यासाठी जगभरचे लोक तिथं जातात? "न्हाई म्हनलं न्हवं!"

गावात ही जुनी थट्टा होती. चावडीसमोरच्या हाटेलात बसून सरपंच नव्या माणसाला मुद्दाम सांगायचे, "आमच्या आबाला इचारा फ्लॉरन्सला जाऊन काय क्येलं." नवा माणूस विचारायचा. आबा सरळ सांगायचे, "पानी भरलं." की हाटेल हसून लोळायचं. "लढाईला गेला आन् पानक्या होऊन आला!" कुणी म्हणे हा तिथं गेलाच नसेल, मागं छावणीत कांदे सोलत बसला असेल. स्वतः नगरपलीकडे न गेलेली माणसं, आणि त्यांनी सातासमुद्रापलीकडे जाऊन आलेल्या माणसाला खोटं पाडायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारी अर्धी शाळा सुटायच्या आधी मी आबांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की आता सगळं सांगितल्याशिवाय मुलं घरी जाणार नाहीत.

आबांनी सांगितलं ते असं. जर्मन फौजा शहर सोडून गेल्या होत्या, जाताना एक जुना पूल तेवढा ठेवून बाकीचे सुरुंगानं उडवून गेल्या होत्या. नळ बंद, दिवे बंद. त्यातच आबांच्या तुकडीला एका दिवसाची सुट्टी मिळाली. कप्तानसाहेब म्हणाले, असं शहर पुन्हा बघायला मिळणार नाही, जा, पाहून या. घुमट कुठं, देवळं कुठं, सगळं त्यांनी समजावून दिलं. तुकडी निघाली. मोठाले पुतळे बॉम्बपासून वाचावेत म्हणून भोवती विटा रचून बुजवलेले होते. "दगडाच्या मान्सांला इटांची भिताडं," आबा म्हणाले, "आन् जित्या मान्सांला आडोसा न्हाई."

पुढं एका गल्लीत पाण्याची रांग होती. बायका, म्हाताऱ्या, हातात बादल्या, पातेली, दारूच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा. चांगल्या घरच्या असाव्यात, अंगावरचे कपडे एके काळी भारी होते. एक गोरा सार्जंट रांगेचा फोटो काढायला लागला. बाकीचे शिपाईही घुमट सोडून हेच पाहत थांबले. तेव्हा रांगेतल्या एका म्हातारीनं डोक्यावरची शाल तोंडावर ओढली आणि ती भिंतीकडे वळली.

इथं आबांचा परेडचा आवाज खाली आला. म्हणाले, "माझ्या आईनं बी असाच पदर वढला हुता. मी ल्हान हुतो. दुस्काळ हुता. खडीच्या कामाव सायेब आलता, घोड्याव बसून. आई पदर वढून पाठमोरी झाली. तवा मला कळलं न्हाई, आईनं पाठ का फिरिवली. त्या गल्लीत कळलं."

आबांनी बंदूक पाठीला अडकवली आणि म्हातारीच्या दोन्ही बादल्या उचलल्या. तिचं घर चौथ्या मजल्यावर. खाली आले तर दुसरी म्हातारी उभी. मग तिसरी. सुट्टी संपेपर्यंत हवालदार जिने चढत होते.

"म्हातारी काय म्हणाली, आबा?" एका मुलीनं विचारलं.

"मला काय कळतंय तिची भाषा? पर शिव्या देत नव्हती येवढं खरं."

"आणि घुमट?"

"गल्लीतनं येवढासा दिसायचा, वर. दोन्ही हातात बादल्या आसल्याव वर कोन बघतंय?"

त्यानंतर माझ्या वर्गात आबांना कुणी पाणक्या म्हटलं नाही. हाटेलात म्हणतच राहिले.

मग बहात्तर सालचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या. गावची पायऱ्यांची विहीर होती, तिच्या तळाशी एका खड्ड्यात झरा पाझरायचा. बायका उतरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. दिवसा दोन कोसांवर खडी फोडायला जायचं आणि आल्यावर या पायऱ्या. आबांची सून सोना त्यांतलीच एक. नवरा मुंबईला गिरणीत, कडेवर तान्हं मूल. कामावरून येताना ती शाळेच्या पडवीत क्षणभर टेकायची आणि भिंतीला डोकं लावून डोळे मिटायची.

आणि याच दिवसांत गावाला पाहुण्यांचा सुकाळ झाला. आज ही समिती, उद्या तो साहेब, परवा वर्तमानपत्रवाले. जीप यायच्या, धुरळा उडायचा. तलाठ्यांनी तर पाहण्यासारख्या ठिकाणांचा क्रमच लावून टाकला होता. आधी भेगाळलेला ओढा, मग हाडं निघालेली जनावरं, मग विहीर, आणि शेवटी सरपंचांच्या ओसरीवर चहा आणि शेव. प्रत्येक ठिकाणी साहेब गॉगल कपाळावर चढवून "अरेरे" म्हणायचे आणि घड्याळ पाहायचे. लोक सुट्टीत फ्लॉरेन्स पाहतात, तसे हे आम्हाला पाहत होते! फरक एवढाच, की तिकडे पाहणारा निदान तिकीट काढतो.

गावाची मागणी एकच होती. ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघावं. मग बायकांना गावातच काम मिळालं असतं, आणि पुढं पाऊस झाला तर पाणीही अडलं असतं. हे काम आम्हाला मिळणार की शेजारच्या गावाला, ते एका मोठ्या साहेबांच्या पाहणीवर ठरायचं होतं. सरपंचांनी कंबर कसली. विहिरीपाशी बायकांनी रिकाम्या घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं, असं ठरलं.

त्या दिवशी सोना आली ती तिचं लग्नातलं हिरवं लुगडं नेसून. पाहुणे येणार, मग चांगलं नको का नेसायला? तिला दुसरं काही सुचलंच नाही. सरपंच तिच्यावर ओरडले, "लगीन हाय का हितं? जा, फाटकं नेसून ये! आन् प्वार घिऊन फुडं हुबी ऱ्हा." सोना गेली आणि फाटकं नेसून आली. फाटलेलं दिसू नये म्हणून तिनं मूल कडेवरून काढून पोटाशी धरलं होतं. मी शाळेच्या दारातून हे पाहिलं आणि मला रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं.

जीप आल्या. साहेब उतरले, बरोबर फोटोवाला. फोटोवाल्यानं रांग न्याहाळली आणि नेमकी सोनाच निवडली. "बाई, घागर उलटी धरा. रिकामी दिसू द्या. मूल जरा बाजूला घ्या." सोनानं पदर तोंडावर ओढला. "अहो, पदर काढा! तोंड दिसायला नको का?"

आबा विहिरीच्या काठावर बसले होते. ते उठले, सोनाच्या हातातली घागर घेतली, खिशातून एक वाटी काढली आणि दोन्ही वस्तू साहेबांपुढे धरल्या.

"सायेब, बघायला आलात न्हवं? मंग नीट बघा. उतरा खाली. ही येक घागर भरून आना."

साहेब सरपंचांकडे पाहायला लागले. सरपंच धावत आले. "आबा, डोकं फिरलं का? तळं जाईल आपलं!"

साहेब हसून म्हणाले, "आजोबा, आम्हाला अजून चार गावं पाहायची आहेत."

"मंग ह्ये न्हाई पायलं तरी चालतंय," आबा म्हणाले. ते रांगेपुढे जाऊन ताठ उभे राहिले आणि शाळेच्या कवायतीत पोरं रोज ऐकतात तो हुकूम त्यांनी पलटणीच्या आवाजात दिला, "पीछे मुड!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग सोना वळली. तिच्या शेजारची वळली. सबंध रांग पाठमोरी झाली. फोटोवाल्यापुढे नुसत्या पाठी होत्या. साहेबांचा चेहरा लाल झाला, आणि चहा न घेताच जीप गेल्या.

तळं शेजारच्या गावाला गेलं. वर्तमानपत्रात फोटो आला, त्या गावच्या बायका उलट्या घागरी धरून उभ्या होत्या. सरपंचांनी तो अंक हाटेलात सगळ्यांना दाखवला. "ह्ये आपलं तळं. हवालदारानं घालिवलं." हाटेलानं आबांना चहा देणं बंद केलं. बायकासुद्धा सोनाला टोचून बोलायच्या, ज्या स्वतः वळल्या होत्या त्यासुद्धा. माझा राग गावावर नव्हता असं मी म्हणणार नाही, होता. पण त्याहून जास्त होता तो त्या साहेबावर. तहान लागली आहे हे सिद्ध करायला बाईनं तोंडावरचा पदर काढला पाहिजे, हा कुठला न्याय? ज्या ओढ्याला तळं हवं होतं त्या ओढ्याचा काय अपमान झाला होता? तो जीप यायच्या आधी कोरडा होता आणि गेल्यावरही कोरडाच होता.

मी आबांना एकदा विचारलं, पश्चात्ताप होतो का.

"तळं गेलं त्ये लई वाईट झालं, बाई. पोरी दोन कोस चालत्यात, मला दिसतंय की. पर सोनानं पदर वढला आन् मी बघत हुबा राह्यलो आसतो, तर मंग त्या म्हातारीच्या बादल्या कशापायी उचलल्या हुत्या?"

दुसऱ्या दिवसापासून ते बायकांबरोबर चालायला लागले. पहाटे विहिरीत उतरून दोन बादल्या भरायच्या आणि दोन कोस वाहून न्यायच्या, म्हणजे खडीवर पोरींना प्यायला पाणी. गाव त्यांच्याशी बोलत नव्हतं, पण ते पाणी सगळ्याजणी पीत होत्या. आबांनी त्यावरून कधी कुणाला बोल लावला नाही. सबंध उन्हाळा हे चाललं. त्या वयात त्यांचे खांदे उतरले ते कायमचेच.

दुष्काळ सरला, आणि त्याच थंडीत आबा गेले, सकाळी, अंथरुणातच. मुलगा मुंबईहून यायला उशीर होता. दारात तिरडी बांधायला भावकीतले दोन म्हातारे, त्यांच्या हातांना कंप. मी सुतळी धरून बसले होते. रस्त्यापलीकडे हाटेल भरलेलं होतं. सरपंच होते, सगळेच होते. कुणी हसत नव्हतं. पेले हातात धरून सगळे इकडे पाहत होते. इतके दिवस बोलणं टाकलेलं, आता पहिलं पाऊल कुणी टाकायचं?

सोना आतून आली. अंगावर तेच हिरवं लुगडं होतं. ती मामंजींच्या पायाशी वाकली, मग सरळ रस्ता ओलांडून हाटेलापुढे गेली आणि सरपंचांसमोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, तोंड उघडं होतं.

"बघत काय हुबं राहिलात?" ती म्हणाली. "धरा हिकडून."

सरपंचांनी पेला बाकावर ठेवला. त्यांच्यामागं सगळं हाटेल उठलं, आणि अर्धे प्यालेले पेले तसेच बाकांवर राहिले.