दिंडीला कडी नको

माझ्या बायकोच्या मामांइतका भिंतींवर जीव लावणारा माणूस अख्ख्या आखातात सापडायचा नाही. मामा साताऱ्याकडचे गवंडी. कतारमध्ये राहायचे कंपनीच्या कॅम्पात, पण शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवायला आमच्याकडे, दोह्यातल्या अबू हमूरला. आल्या आल्या आमची विचारपूस करायची सोडून कंपाउंडच्या भिंतीवर बोटाने टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "पोकळ हाय, जावईबापू." आवाज असा, की भिंतीचे रिपोर्ट वाईट आले असावेत. खिशात ओळंबा कायम. एकदा तो आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी सोडून त्यांनी मीच कललोय असा निकाल दिला. "आजोबा, दॅट्स जस्ट बाबाज पोश्चर!" माझी मुलगी म्हणाली. मॉलच्या काचेच्या दारांचा तर त्यांना मनस्वी राग. "कोन आलं, कशाला आलं, काय इचारनं न्हाय. आलं की उघडलं! दार हाय का काय?" बायकोने त्यांना मॉलमध्ये न्यायचंच सोडून दिलं.

अशा माणसाला दोह्याच्या उत्तरेकडल्या एका जुन्या बागेची डागडुजी मिळाली. मधे घर, भोवती खजूर, आणि त्याभोवती समुद्रातल्या दगडाची, पुरुषभर उंच, जागोजागी पोक आलेली भिंत. तिथे मात्र मामांनी ओळंबा खिशातून काढला नाही. "म्हातारी मानसं वाकत्यात, त्यास्नी काय वाकडं म्हनायचं?" बागेचा दरवाजा सागवानी, लाकूड कुठल्या काळी हिंदुस्थानातून गलबताने आलेलं. त्यामुळे तो मामांचा गाववाला झाला. त्या मोठ्या दरवाजात आत-बाहेर करायला एक छोटं दार होतं, आपल्याकडे त्याला दिंडी म्हणतात. दिंडी चार फुटांची, मामा सहा फुटांचे. रोज कपाळमोक्ष व्हायचा आणि रोज मामा कौतुकाने टेंगूळ चोळत म्हणायचे, "आदब शिकवतंय बघा."

बागेचे मालक म्हणजे एक वयस्कर कतारी गृहस्थ, मामांचे हाजी. दोघांचा व्यवहार मोडक्या हिंदीत चाले. आता आपल्यात निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पहिल्या संध्याकाळी मामांनी त्याचंच हिंदी केलं, "हाजी, मैं आता हूँ," आणि ते कॅम्पाच्या बसमध्ये बसले. हाजींनी कॉफी मागवली, खजूर मागवले आणि उघड्या दिंडीपाशी खुर्ची टाकून ते वाट बघत बसले. कॉफी पार गार झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फुगलेला चेहरा बघून मामांनी घाबरून मला फोन लावला. मी चूक समजावली, तर माझ्यावरच उखडले. "मग काय 'जातो' म्हनू? भरल्या घरात?" पुढेही ते रोज 'आता हूँ'च म्हणत राहिले. हाजी एकदा मला म्हणाले, "ये आदमी रोज झूठ बोलता है. सुबह सच हो जाता है."

हाजींच्या मुलांना मात्र तो दरवाजा नको होता. त्यांना रिमोटवर सरकणारं लोखंडी गेट हवं होतं. ते ऐकल्यापासून मामांचं शुक्रवारच्या जेवणातलं लक्ष उडालं. आमच्या भिंतीवर टकटक करायचंही ते विसरू लागले, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

गेटचा निकाल लागण्याआधीच मामांचं कतारमधलं काम संपलं. शेवटच्या दिवशी मी त्यांना आणायला गेलो. दरवाजावरून हात फिरवून ते वाकले, तरी कपाळ आपटलंच. "हाजी, मैं आता हूँ." हाजी म्हणाले, "इन्शाल्ला."

पुढच्याच महिन्यात लोखंडी गेटवाले मापं घ्यायला आले. हाजींनी त्यांना परत पाठवलं. मुलांना म्हणाले, "वो आता हूँ बोला. उसके पास रिमोट किधर है? खलास." मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा मामांनी आधी भिंतीची खुशाली विचारली. मग म्हणाले, "दिंडीला कडी लावू नगा म्हनावं."

मामांचे गुडघे आता गेलेत. ते परत येणार नाहीत. हे हाजींना सांगायलाच हवं, म्हणून एका शुक्रवारी मी गेलो. कडी नव्हतीच. मी कपाळ आपटून आत आलो, हाजी हसले आणि मग माझ्यामागे कोणी येतंय का ते बघत राहिले. आम्ही कॉफी प्यायलो. सांगायचं ते राहूनच गेलं. निघताना तोंडून आपसूक गेलं, "हाजी, मैं आता हूँ."

त्यामुळे आता दर शुक्रवारी मला जावं लागतं.