मुलीच्या तपासणीला आई धावून आली

हे मी सांगत गेलो आणि माझ्या पत्नीने, सुरेखाने, लिहून घेतले. मला स्वतःला एवढे लिहिता येत नाही. का येत नाही ते पुढे येईलच, आणि आता ते सांगायची मला लाज वाटत नाही.

आम्ही मूळचे धाराशिव जिल्ह्यातले. तुळजापूरची भवानी आमची कुलस्वामिनी. लग्नाआधीच मी भोसरीला आलो, एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग मशीनवर लागलो आणि अजून तिथेच आहे. राहायला दिघीत दोन खोल्या आहेत. सुरेखा चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. आम्हाला एकच मुलगी, वैष्णवी. ती चौथीत होती तेव्हाची ही हकिकत.

वैष्णवी बोलायला पहिल्यापासून चुणचुणीत. एकदा ऐकलेली गोष्ट ती हातवाऱ्यांसकट सांगायची. सायकलची चेन निघाली तर माझी वाट न बघता स्वतःच बसवायची. पण पुस्तक पुढे ठेवले की तीच मुलगी मुकी व्हायची. ‘घर’ला ‘धर’ वाचायची, ‘भात’ला ‘मात’. जोडाक्षर आले की थांबायचीच. शिकवणी लावली, पहाटे उठवून बसवले, काही उपयोग झाला नाही. एके दिवशी माझा तोल गेला आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, “पप्पा, काल मला हे अक्षर येत होतं. आज ओळखूच येईना.” ते ऐकूनही मी राग धरून बाहेर निघून गेलो. काल आलेले अक्षर आज ओळखू येत नाही, हे मला माहीत होते. माझे लहानपण त्यातच गेले होते.

त्या वर्षी नवरात्रात मी नऊ दिवस उपास धरला आणि अनवाणी कामावर गेलो. देवीला एकच मागणे होते की पोरीचे डोके चालू दे. पण सहामाही परीक्षा झाली आणि तिच्या वर्गाच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतले. त्या शांतपणे म्हणाल्या की वैष्णवी हुशार आहे, पण तिच्या वाचनात काहीतरी अडथळा आहे, सरकारी दवाखान्यात तिची तपासणी करून घ्या. त्यांनी एक पत्रही दिले. त्यांच्या बोलण्यात ‘अध्ययन अक्षमता’ असा शब्द आला. त्यातले ‘अक्षम’ तेवढे मी ऐकले आणि माझी मुलगी वेडी नाही असे म्हणून उठून आलो. घरी आल्यावर देव्हाऱ्याकडे बघवेना. नऊ दिवसांच्या उपासाचे हेच का फळ, असे वाटले. पुढे कितीतरी दिवस मी देवीपुढे हात जोडले नाहीत. दिवा सुरेखा लावत होती.

सुरेखाने माझ्याशी वाद घातला नाही. ती एकटी शाळेत गेली, बाईंकडून सगळे समजून घेतले आणि दवाखान्याची तारीख मिळवली. पण नेमकी त्याच दिवशी तिला कंपनीतून सुट्टी मिळेना. मला म्हणाली, “तुम्हालाच जावं लागेल.” मी खाली बघितले. मला नीट वाचता येत नाही हे तिला माहीत होते, पण आमच्यात ते कधी बोलले गेले नव्हते. मुलीला तर ठाऊकच नव्हते. घरातले कागद आई बघते आणि पप्पांना वेळ नसतो, एवढेच तिला माहीत.

दोन बसगाड्या बदलून आम्ही दवाखान्यात पोचलो. खिडकीवर शाळेचे पत्र आणि वैष्णवीच्या वह्या दाखवल्या. आतून चार पानांचा फॉर्म हातात आला. मी नेहमीचे कारण सांगितले, चष्मा घरी राहिला. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, कुणाकडून तरी भरून घ्या, पण बारापर्यंत आला नाही तर पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची. मी बाकावर येऊन बसलो. फॉर्म हातात घेऊन नुसता बघत राहिलो. नाव कुठे लिहायचे तेवढे कळले, पुढच्या ओळी एकमेकींत मिसळून गेल्या. तेवढ्यात वैष्णवी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “पप्पा, मी वाचून दाखवू का?” आणि तिने कागदावर बोट ठेवले. जिला वाचता येत नाही म्हणून मी इथे आणले होते, ती माझ्यासाठी एकेक अक्षर लावत होती. “ज... न्... जन्म,” एवढे तिने काढले आणि घाम पुसला. मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी मान खाली घातली आहे, पण त्या बाकावर बसून वाटली तेवढी लाज कधी वाटली नव्हती.

मी डोळे मिटले. इतक्या दिवसांचा राग कुठे गेला कळले नाही. मनात म्हणालो, आई, आता मला काही मागायचे नाही. काय करावे ते मला सुचत नाही, तूच बघ. डोळे उघडले तेव्हा शेजारच्या बाकावरून एक बाई माझ्याकडे बघत होत्या. वय पन्नाशीच्या पुढचे, पांढरी साडी, मांडीवर एक जुनी फाइल. म्हणाल्या, “दादा, आणा इकडं. मी विचारते, तुम्ही सांगा.” मला का भरता येत नाही ते त्यांनी विचारले नाही. मुलगी केव्हा चालायला लागली, केव्हा बोलायला लागली, कोणता आजार झाला होता का, असे त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. शेवटच्या पानावर त्यांनी वाचले, “घरात आणखी कुणाला वाचण्या-लिहिण्याची अडचण होती का?”

त्यांनी पेन उचलून धरला होता, घाई केली नाही. वैष्णवी माझ्या तोंडाकडे बघत होती. नाही म्हणणे सोपे होते, आजवर तेच म्हणत आलो होतो. पण माझ्या तोंडून निघाले, “मला. अजून आहे. सातवीत शाळा सोडली ती याच्यापायी.”

वैष्णवीने माझा हात धरला. “पप्पा, तुम्हाला पण?” तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते. एकटीने चालताना कुणीतरी सोबतीला यावे, तशी ती खुलली होती. बाईंनी ते लिहून घेतले आणि म्हणाल्या, “बरं केलंत सांगितलंत. माझ्या मुलीच्या वेळी तिच्या वडलांचं मी लपवलं होतं. उगीच लपवलं.” त्यांची मुलगी आता नर्सिंग शिकत होती आणि तिच्याच दाखल्याच्या कामासाठी त्या आल्या होत्या. मला राहवेना. मी म्हणालो, ताई, तुम्हाला देवीनंच पाठवलं. त्या हसल्या. “मी देवीला मानत नाही, दादा. मी पोरीच्या कागदासाठी आलेय. पण तुम्हाला तसं वाटत असेल तर वाटू द्या.” त्यांचे नाव पुकारले गेले. जाताना वैष्णवीच्या डोक्यावर हात ठेवून “जय भीम” म्हणाल्या. मीही हात जोडून जय भीम म्हटले. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले. पुढे त्या दवाखान्यात आम्ही पुष्कळ फेऱ्या मारल्या, पण त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

डोळे तपासले, कान तपासले, मग समुपदेशक मॅडमच्या खोलीत दोन दिवस चाचण्या झाल्या. एका चाचणीत चित्रातला आकार बघून रंगीत ठोकळे तसेच मांडायचे होते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत होतो. वैष्णवीने एकदा चित्राकडे बघितले आणि भराभर मांडून मोकळी झाली. मॅडमने अवघड चित्रे पुढे ठेवली, तीही तिने केली. मलाही हे असेच जमते. ड्रॉइंग बघितले की जॉब, म्हणजे घडवायचा भाग, माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो, मालकाला त्याचे नेहमी नवल वाटते. ही माझी मुलगी होती, सगळी माझी. शेवटी मॅडम म्हणाल्या की हिची बुद्धी चांगली आहे, काही बाबतीत वयाच्या मानाने पुढेच आहे. वाचनातला अडथळा ओरडून किंवा मारून जात नाही, तिला वेगळ्या पद्धतीने शिकवावे लागेल. मी विचारले, “यात चूक कुणाची, मॅडम?” त्या म्हणाल्या, “कुणाचीच नाही.” बाहेर येऊन मी नळावर तोंड धुतले. बराच वेळ धूत राहिलो.

वैष्णवीला वाचनाच्या अडचणीचा दाखला मिळाला. शाळेत आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिका येऊ लागल्या. त्यांनी सांगितले तसे वैष्णवी घरी परातीत रवा पसरून त्यात बोटाने अक्षरे काढायची आणि मलाही शेजारी बसवायची. एक दिवस म्हणाली, “पप्पा, ‘ध’ आणि ‘भ’ची वरची रेघ तुटकी असते. ‘घ’ आणि ‘म’ची सलग असते. बघा.” मी बघितले. खरेच होते. एवढी वर्षे ती अक्षरे मला छळत होती आणि ही खूण मला कुणी दाखवली नव्हती. माझ्या मुलीने ती स्वतः शोधून काढली होती. मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितले. माझ्या वाचनाचेही त्याच दिवशी सांगून टाकले. कुणी हसले नाही. मालक एवढेच म्हणाले की आधी सांगायचे राव.

आता ती पाचवीत आहे. वार्षिक परीक्षेच्या पहिल्या पेपरला मी रजा काढून शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. दाखला असल्यामुळे तिला जादा वेळ मिळतो. घंटा झाली, मुले बाहेर आली, आयाबाया आपापली मुले घेऊन गेल्या. पटांगण रिकामे झाले. मी एकटाच उरलो. रखवालदाराने फाटक ओढून घेत विचारले, “अजून कोण राहिलंय आत?” मी म्हणालो, “माझी मुलगी. तिचं लिहून व्हायचंय.” हे मी एवढ्या मोठ्याने बोललो की वरच्या खिडकीतून एका बाईंनी वाकून बघितले.

मी देवीकडे मुलगी बदलून मागत होतो. आईने मुलगी होती तशीच ठेवली आणि मला एका बाकावर बसवून खरे बोलायला लावले. उपासाने, अनवाणी पायांनी मी तिच्यापुढे हट्टच धरला होता. तूच बघ म्हणालो, तेव्हा कुठे तिच्या हाती काही दिले. त्या ताई देवीला मानत नव्हत्या, त्यात मला काही अडचण वाटत नाही. आईलाही वाटत नसावी.

थोड्या वेळाने जिन्यावर पावले वाजली. वैष्णवी सावकाश उतरली, बोटांना शाई लागलेली. म्हणाली, “पप्पा, एकपण प्रश्न सोडला नाही.” मी तिचे दप्तर खांद्याला लावले आणि शाळेतून सगळ्यांत शेवटी आम्ही दोघे बाहेर पडलो.