पाळणाताईंची सुनावणी

पाळणाताईंचं खरं नाव त्यांच्या नवऱ्यालासुद्धा जरा आठवून सांगावं लागत असे. सासर, माहेर, कारखाना, गल्ली, सगळीकडे त्या पाळणाताईच. तसा त्यांच्या घरात पाळणा एकच आला, तोही शेजारणीकडून मागून आणलेला आणि एका बाजूला कललेला. पण गावातल्या प्रत्येक मुलासाठी सरकारी पाळणाघर हवं, फुकट आणि दिवसभराचं हवं, हे वेड त्यांनी डोक्यात घेतलं आणि नाव कायमचं चिकटलं.

त्या कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर बसवायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या माना ताठ ठेवल्यावर त्यांची स्वतःची मान गेली आणि शेवटी डॉक्टरांनी त्यांनाच एक कॉलर बसवली, पांढरी, स्पंजाची. नवरा बस दुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला होता आणि बायकोची थट्टा करणं हा त्याचा जोडधंदा होता. "आता बरं झालं," तो म्हणाला, "नगरपालिकेच्या समितीपुढे मान झुकवायचा प्रश्नच नाही."

वेडाचं मूळ जुनं होतं. मुलगी तान्ही असताना ताई तिला शिलाई मशीनखाली, चिंध्यांच्या खोक्यात निजवायच्या. शेजारच्या मशीनवाल्या बायका मुद्दाम मोठ्याने खोकायच्या, म्हणजे बाळाचा आवाज झाकला जावा. मुकादमाला वाटलं, कारखान्यात साथ आली. त्याने सगळ्यांना औषध पाजलं. पुढे एकदा बाळाने त्याच्या बुटाची नाडी धरली आणि प्रकरण बाहेर आलं. त्या खोक्यातली मुलगी आता एका डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होती आणि तिलाही एक तान्ही लेक झाली होती.

चळवळ म्हटली की सभा आल्या. मुलांच्या आयांची चळवळ, म्हणजे सभेला मुलं आली. आणि मुलं आली की ती कुणीतरी बघायची. ते कुणीतरी म्हणजे ताई, हे कधी कुणी ठरवलं नाही, पण पहिल्या सभेपासून तसंच चालत आलं. शाळेच्या एका वर्गात सभा चालायची आणि शेजारच्या वर्गात ताई एकाचं नाक पुसत, दुसऱ्याला खडू खाण्यापासून परावृत्त करत बसलेल्या असायच्या. आपल्याच चळवळीतलं एकही भाषण त्यांनी धड ऐकलं नव्हतं. टाळ्या वाजल्या की त्या दारातून डोकं आत घालून विचारायच्या, "काय झालं?"

"ठराव झाला, ताई. एकमताने," सेक्रेटरीबाई सांगायच्या. सेक्रेटरीबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. माणसं दोन जरी जमली तरी त्या सभा रीतसर सुरू करून रीतसर संपवायच्या.

"माझं मत?"

"तुमचं धरलंय."

अशी वर्षं गेली. अर्ज गेले, मोर्चे गेले, साहेब बदलले. ताईंना आताशा सभेच्या दिवशी सकाळपासूनच जांभया येऊ लागल्या होत्या. कंटाळा नव्हता तो. खूप धुतलेल्या कापडाला येतो तसा विरलेपणा आला होता. फाटत नाही, पण पलीकडचं दिसायला लागतं.

आणि अशात नगरपालिकेच्या बालकल्याण समितीने सुनावणी लावली. पाण्याच्या टाकीजवळचा रिकामा हॉल पाळणाघराला द्यायचा की नाही, याचा निकाल तिथल्या तिथे होणार होता. या वेळी बोलायचं ताईंनीच, असं सगळ्यांनी ठरवलं. ठरवताना ताई अर्थात शेजारच्या वर्गात होत्या.

लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. दवाखान्याच्या मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी या, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. "आई," ती म्हणाली, "तू एवढी वर्षं जगासाठी भांडलीस. या वेळी माझ्यासाठी भांड. एवढंच म्हणते."

सुनावणीच्या दिवशी नगरपालिकेच्या जिन्यावर बायकांची ही गर्दी. फलक रंगवलेले, बिल्ले लावलेले, घोषणा पाठ. प्रत्येकीच्या कडेवर एक आणि पदराला एक. तयारीत कसली म्हणून कसर नव्हती. सभागृहाच्या दारात शिपायाने हात आडवा केला.

"लहान मुलं आत नाहीत. नियम आहे."

"अहो, बालकल्याण समिती ना ही?" सेक्रेटरीबाईंनी चष्मा सारखा केला.

"हो. म्हणूनच शांतता लागते त्यांना."

सगळ्या बायका एकदम ताईंकडे वळल्या. आणि गंमत म्हणजे ताई सवयीने खाली बसल्याही होत्या. कुणाच्या तरी पोराच्या बुटाचा बंद बांधत होत्या, एक बाळ त्यांच्या मांडीवर येऊनही पडलं होतं.

"ताई, अहो उठा! तुम्हांला बोलायचंय!"

"मग ही कोण बघणार?"

भाजीवाली, जी हातगाडीवर भाजी विकायची आणि आपल्या पोराला गाडीखालच्या फळीवर ठेवायची, ती खरं ते बोलली. "आम्हांला वाटलं, तुम्ही आहातच."

पोरं कोणी सांभाळायची यासाठी एवढी वर्षं भांडणाऱ्या बायका, नेमक्या त्या दिवशी पोरं कोणी सांभाळायची हे ठरवायला विसरल्या होत्या. ताईंना हसू आलं, पण हसलं की मान दुखायची. शेवटी सगळ्या बायका व्हरांड्यात थांबल्या आणि ताई, सेक्रेटरीबाई अशा दोघीच आत गेल्या.

आत खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या. अध्यक्षसाहेब सभ्य माणूस. मुलाला कडू औषध गोड बोलून पाजावं तसं बोलायचे. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"मागणी सार्वत्रिक आहे, असं अर्जात लिहिलंय. पण सार्वत्रिक कुणी आलेलं दिसत नाही."

"सगळ्या बाहेर आहेत, साहेब."

"बाहेर का?"

"मुलं बघतायत."

"म्हणजे जमतंय की त्यांना," एक सदस्य म्हणाला आणि बाकीचे हसले. हसण्यात दुष्टपणा नव्हता. जेवणं झाली होती, एवढंच.

ताईंनी पाठ केलेलं भाषण तिथेच सांडलं. त्या म्हणाल्या, "साहेब, रस्त्यावर दिवा लावता तेव्हा खालून कोण जातोय ते विचारता का? तसं हवंय आम्हांला."

अध्यक्षांनी डोळे मिटून विचार केला. "हे बघा, हॉल देतो. दिवसभर. सोमवारपासून. फक्त अट एकच. ज्या आईकडे नोकरीचा दाखला असेल तिचंच मूल. तुमची संमती असेल तर आत्ता मंजूर करतो. नसेल तर विषय पुढच्या अंदाजपत्रकानंतर."

सेक्रेटरीबाई कानाशी लागल्या. "हो म्हणा, ताई. दार उघडतंय. रुंद नंतर करू."

ताईंच्या डोळ्यांपुढे लेकीचा दाखला आला. दवाखान्याच्या छापील कागदावरचा, शिक्क्यासकट. एक 'हो' म्हटलं की झालं. सोमवारी लेक कामावर, नात पाळणाघरात, आणि आपण घरी जाऊन दुपारची झोप काढायची, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना तिथे खुर्चीवरच झोप येऊ लागली.

"बाहेर विचारून येते," त्या म्हणाल्या.

व्हरांड्यात कल्ला चालला होता. ताईंनी अट सांगितली आणि तो हळूहळू खाली बसला. दाखलेवाल्या बायका एकमेकींकडे बघायचं टाळू लागल्या. बिनदाखल्याच्या बायका जमिनीकडे बघू लागल्या. काम शोधणारी एक तरुण पोर म्हणाली, "पण काम शोधायला जायचं तर मूल ठेवायला जागा लागते. आणि जागा मिळायला काम लागतं. मग मी सुरुवात कुठून करायची?" ती खरंच उत्तराची वाट बघत होती.

भाजीवाली पुढे आली. "घ्या हो ताई. यांचं तरी होऊ दे. आमचं काय, गाडीखाली फळी आहे."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने मनापासून म्हटलं.

ताईंना कारखान्यातली खोली आठवली. मालकाने एकदा बाळांसाठी दिली होती, फक्त कायम कामगारांच्या. कायमवाल्या बायका सुटल्या आणि सभेला यायच्या थांबल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं, दमलेलं माणूस सुटलं की घर गाठतं. मागे राहिल्या त्या एवढ्या थोड्या की त्यांचा आवाज कुणाला ऐकू जाईना. मग खोलीत मुलं कमी म्हणून मालकाने तिथे धाग्यांची रिळं भरली.

लेक भिंतीला टेकून, बाळाला थोपटत उभी होती. "माझ्याकडे बघू नकोस, आई," ती म्हणाली. "बघितलंस तर मी हो म्हणेन."

ताईंनी तरीही बघितलं. मग आत गेल्या आणि म्हणाल्या, "नको, साहेब. दारात दाखला विचारणार असाल तर नको."

"नक्की?"

"नक्की नाही. पण नको."

सेक्रेटरीबाईंनी कपाळाला हात लावला. विषय पुढच्या अंदाजपत्रकानंतर गेला.

घरी जाताना बसमधून उतरल्यावर लेक म्हणाली, "सगळ्यांची ताई झालीस. माझी आई व्हायला वेळ मिळाला की सांग."

"सोमवारपासून मी घरी राहते. बाळाला बघते."

"आणि कारखाना?"

"बिनपगारी रजा देतील. नाही दिली तर नाही दिली."

"म्हणजे शेवटी तूच पाळणाघर."

नवऱ्याने दार उघडलं, दोघींची तोंडं पाहिली आणि जन्मात पहिल्यांदा थट्टा गिळून चहा ठेवायला गेला.

सोमवारी लेकीने बाळ आणून दिलं ते परक्या बाईला सूचना द्याव्यात तशा आवाजात. "दूध गार देऊ नकोस. उन्हात नेऊ नकोस. झोपली नाही तर हिंदकळवू नकोस."

"तुला मीच वाढवलंय गं."

"खोक्यात," लेक म्हणाली आणि निघून गेली.

थोड्या वेळाने भाजीवाली आली, पोराचं बोट धरून. दारात उभी राहिली. काही मागितलं नाही, 'सहज आले' एवढंच म्हणाली. बाजाराच्या वेळेला भाजीवाली सहज कुणाकडे जात नाही, हे ताईंना कळत होतं. नाही म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं. मान दुखत होती, पाठ दुखत होती, एक पोर आधीच रडत होतं. पण जिच्यापायी साहेबांना नाही म्हटलं, तिला आता नाही कसं म्हणायचं?

"संध्याकाळी वेळेवर ये," त्या म्हणाल्या. "आणि याला शी लागली की कळतं का सांगायला?"

"झाल्यावर सांगतो."

"बरं. तेवढं तरी सांगतो."

संध्याकाळी लेक आली तेव्हा चटईवर दोन पोरं आडवीतिडवी झोपली होती आणि ताई भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. लेकीने चपला काढल्या. दिवसभर लोकांची अक्षरं ऐकून तिचे डोळे लाल झाले होते.

"हा कुणाचा?"

"भाजीवालीचा. बाजार उशिरा सुटला असेल."

त्या पोराचा पाय आपल्या मुलीच्या पोटावर पडला होता, तो लेकीने अलगद उचलून बाजूला ठेवला आणि मधल्या जागेत स्वतः आडवी झाली.

"पुढची सभा कधी आहे?" तिने छताकडे बघत विचारलं.

"बुधवारी. का?"

"पोरांना मी बघते. तू आत बस."

"दमून येशील गं तू कामावरून."

"येईनच," लेक म्हणाली. "आता मला झोपू दे जरा."