एकोणसाठ वर्षं शिल्लक

थेल्मा टकवेल एकतीस वर्षं इंग्लंडातल्या ईस्टबर्नच्या पोस्टात खिडकीमागे बसली, आणि रांग मोडून पुढे घुसलेल्या एकाही माणसाला तिनं कधी तिकीट विकलं नाही. एकदा खुद्द पाद्रीबुवा मध्येच घुसले. त्यांनाही म्हणाली, "स्वर्गात थेट जात असाल, इथं मात्र मागे उभं राहायचं." गावात तिला मान होता तो याचाच. बाकी बाई भारी भिडस्त. हॉटेलात गार सूप आलं तरी "छान आहे हं" म्हणून निमूट पिऊन टाकणारी.

ती आणि तिचा नवरा क्लाइव्ह समुद्रापासून दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावर राहत. शहाऐंशी साली फ्लॅट घेतला तेव्हा वकिलानं सांगितलं होतं की जमिनीचा भाडेपट्टा नव्व्याण्णव वर्षांचा आहे, त्यातली ब्याण्णव उरलीत; ती संपली की घर जमीनमालकाचं. क्लाइव्ह हसला होता. "ब्याण्णव? आपल्याला पुरून उरतील!" त्यानंतर तेहेतीस वर्षं दोघांनी तो कागद उघडून पाहिला नाही. भिंतींना रंग दिले, स्वयंपाकघर दोनदा बदललं, जमीनमालकाचं वर्षाचं भाडं न चुकता भरलं. वर्षं खालून वाळवी लागल्यासारखी सरत होती, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग क्लाइव्हला झटका आला. डावं अंग गेलं. इस्पितळातून त्याला वृद्धाश्रमात हलवलं, कारण घराला सेहेचाळीस पायऱ्या आणि लिफ्ट नाही. डॉक्टरांनी थेल्माला बाजूला घेऊन सांगितलं, "जपलंत तर वर्ष, दीड वर्ष काढतील." रोज दुपारी ती भेटायला जायची आणि रोज तो एकच विचारायचा, "थेल्मा, घरी कधी?"

घरी नेण्याचा मार्ग होता. कोपऱ्यावरच तळमजल्याचा एक फ्लॅट विकायला निघाला होता, दाराशी एकही पायरी नसलेला. आपला विकायचा आणि तो घ्यायचा. आपल्याला गिऱ्हाईकही मिळालं, केरी नावाची एक तरुण नर्स. सगळं जुळलं, आणि केरीच्या बँकेत घोडं अडलं. बँक म्हणाली, पट्ट्याची एकोणसाठच वर्षं शिल्लक आहेत, अशा घरावर आम्ही कर्ज देत नाही. आधी पट्टा वाढवून आणा.

ऑग्डनबाई नावाच्या वकिलीणीकडून थेल्मानं जमीनमालकाला आपली किंमत घालून पट्टा वाढवण्याची नोटीस पाठवली. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला जमीनमालकाच्या कंपनीचं उत्तर आलं: हक्क मान्य, किंमत अमान्य. ऑग्डनबाईंनी ते उत्तर पत्रासोबत थेल्माला पाठवलं. पत्राच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं की किंमत ठरली नाही तर सहा महिन्यांच्या आत लवादाकडे अर्ज करावा लागेल, करायचा असल्यास कळवावे. थेल्मानं ते दोनदा वाचलं. लवाद म्हणजे कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे भांडण. तिनं त्याऐवजी कंपनीला फोन लावला.

फोनवर पेनफोल्ड म्हणून एक गृहस्थ होते. आवाज अगदी लोण्यासारखा. "टकवेलबाई, लवाद कशाला? तुमची फाइल किंमत काढायला सर्वेक्षकाकडे आहे. तुमच्या आधी चार जण आहेत. आम्ही नंबरानं घेतो."

"घ्या, घ्या," थेल्मा म्हणाली. "नंबरानंच घ्या. मला घाई नाही."

घाई नाही म्हणाली! नवरा तिकडे दिवस मोजतोय, आणि ही बाई घाई नाही म्हणते. पण तिच्या डोक्यात हेच पक्कं होतं की चार जणांना डावलून लवादाकडे धावणं म्हणजे कोपरानं ढकलत पुढे घुसणं. एकतीस वर्षं ज्यांना मागे पाठवलं, त्यांच्यातली एक व्हायचं?

खालच्या मजल्यावरच्या ऑड्रीनं तिला धारेवर धरलं. "अगं, तारीख गेली तर बोंबलत बसशील! टाक तो अर्ज."

"माणूस इतका नीट बोलतोय ऑड्री, आणि मी त्याच्यावर फिर्याद ठोकू? कसं दिसेल ते?"

"गोगलगाय नि पोटात पाय असतात असल्यांचे. आणि तुला काय गं, त्याच्याशी सोयरीक जुळवायचीय?"

"सर्वेक्षकापुढे दोनच जण राहिलेत आता," थेल्मा म्हणाली, आणि चहा ओतायला उठली.

दर सोमवारी ती फोन करी. चार जणांचे तीन झाले, दोन झाले. मार्चात केरीनं मुदत वाढवून दिली, एप्रिलमध्ये पुन्हा दिली. तळमजल्याचा मालकही थांबला. "पुढच्या आठवड्यात तुमचाच नंबर," पेनफोल्ड म्हणाले, ती तारीख मेची तेरा. थेल्मानं क्लाइव्हला सांगून टाकलं, "आता थोडेच दिवस." तो उजव्या हातानं तिचा हात दाबत राहिला.

पंधरा मे गेली. सोळाला कंपनीचं पत्र निघालं, आणि हे पत्र मात्र कुठल्या नंबरासाठी थांबलं नव्हतं. मुदतीत लवादाकडे अर्ज न झाल्यानं आपली नोटीस मागे घेतल्याचे समजण्यात येत आहे.

"पण मी मागे घेतली नाही हो," ती ऑग्डनबाईंना म्हणाली.

"ते मला ठाऊक आहे. कायदा तसं धरतो. आता बारा महिने नवी नोटीस देता येणार नाही."

"बारा महिने?"

"बारा. मी पत्रात लिहिलं होतं, टकवेलबाई. एप्रिलमध्ये फोनही केला होता."

"हो. मी म्हटलं, पेनफोल्डसाहेबांनी शब्द दिलाय..."

"काय शब्द दिला होता त्यांनी?"

थेल्मानं आठवून पाहिलं. नंबर लागेल, एवढंच तो म्हणाला होता. मुदतीच्या आत लागेल का, हे तिनं विचारलं नव्हतं, कारण विचारणं उद्धटपणाचं झालं असतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. पेनफोल्ड लबाड होता की खरंच फाइली नंबरानं घेत होता, देव जाणे. असल्या माणसाला लबाड व्हायची गरजही पडत नाही, समोरच्याची सभ्यताच त्याचं काम करते.

केरी फोनवर रडली आणि तिनं दुसरीकडे घर घेतलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तळमजल्याच्या खिडकीला परक्याचे पडदे लागले. ऑड्री नुसती येऊन शेजारी बसली. तेव्हा थेल्मा पहिल्यांदा हमसून हमसून रडली. "माझ्याच हातानं केलं गं मी. माझ्याच हातानं."

क्लाइव्हला सांगणं भाग होतं. तीन दुपारी ती ठरवून गेली आणि न सांगता परत आली. चौथ्या दुपारी बसमध्ये वाक्य घोकत गेली: अजून एक वर्ष, क्लाइव्ह, फक्त एक वर्ष. तो विचारील "घरी कधी?" आणि आपण ते म्हणायचं. पण त्या दिवशी त्यानं विचारलंच नाही. जेवणात मासा होता म्हणाला, शेजारचा म्हातारा फार खोकतो म्हणाला.

तेवढ्यात चष्म्याच्या दुकानातली मुलगी फॉर्म घेऊन आली. आश्रमात सगळ्यांचे डोळे तपासायचे होते. नाव झालं, जन्मतारीख झाली.

"राहण्याचा पत्ता, आजोबा?"

क्लाइव्ह अडखळला नाही. त्यानं वृद्धाश्रमाचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला, आणि वर म्हणाला, "खोली अकरा."

मुलीनं लिहून घेतलं आणि थेल्माकडे पाहिलं. "बरोबर ना, बाई?"

"बरोबर," थेल्मा म्हणाली.