वीस नंबर की चाळीस

आमच्या वस्तीतला देवमन तेल्हाऱ्याच्या कापसाच्या जिनात यंत्रांना तेल घालायचा. तिथंच, कुणी न शिकवता, तो मिस्त्री झाला. छप्पन साली बौद्ध झाला, अन् अकोल्यात केशवराव वकिलांच्या पंचवीस वर्षं जुन्या मोटारीवर ड्रायव्हर लागला. वस्तीतली पहिली पगारी ड्रायव्हरकी. ती राहते की जाते, हे एकसष्टच्या मे महिन्यात ठरलं.

अमरावतीला वकिलांच्या भाचीचं लग्न होतं. आदल्या दिवशी तेल बदलायचं होतं. मोटारीच्या इंग्रजी पुस्तकात वीस नंबरचं पातळ तेल लिहिलेलं. देवमननं दोन बोटांत चोळून पाहिलं अन् चाळीस नंबरचं जाड तेल मागितलं. वकील हसले.

"पुस्तक तुले वाचता येते काय?"

"नाई येत. पन ते थंड मुलखातलं हाय, मालक. इंजिन झिजलं हाय. आपल्या उन्हात हे तेल पान्यासारखं होईन."

वकिलांनी वीसच भरायला लावलं. वर बजावलं, वाटेत गाडी बंद पडली तर नोकरी संपली. देवमननं स्वतःच्या पैशानं चाळीसचा डबा घेऊन मागं ठेवला.

लग्नाच्या दिवशी बोरगाव मागं पडलं, तसा तेलाच्या दाबाचा काटा खाली येऊ लागला. वकील घड्याळ पाहत होते. मुहूर्त तासाभरावर आला होता. गाडी हाणायचा हुकूम झाला. मूर्तिजापूरच्या अलीकडं इंजिनातून टकटक सुरू झाली. काटा शून्याला टेकला. देवमननं काही न विचारता चावी फिरवून इंजिन बंद केलं.

वकील शिव्या देत होते. हा गाडीखाली आडवा. पातळ तेल काढताना ते उकळतं पंजावर सांडलं, तरी त्यानं इंजिनाखालचं बूच सोडलं नाही. जाड तेल ओतून चावी दिली. काटा हळूहळू चढला, टकटक कमी झाली. पुढं कितीही ओरडले तरी त्यानं गाडी ताशी वीस मैलांच्या वर जाऊ दिली नाही.

मांडवात पोचले, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. वकिलांनी पाहुण्यांना सांगितलं, ड्रायव्हरनं गाडीची देखभाल केली नाही.

त्या वेळी देवमननं तोंड बंद ठेवलं असतं तर नोकरी राहिली असती, असं आमच्यातलेच काही शहाणे आजही म्हणतात. मला त्यांचा संताप येतो.

देवमननं भाजलेला हात सगळ्यांपुढं धरला. "देखभाल या हातानं केली, मालक. तेल तुमी निवडलं व्हतं."

चावी त्यानं वकिलांच्या पुढ्यात ठेवली अन् मोटार स्टँडचा रस्ता विचारला.

इंजिन मात्र शाबूत होतं. पण तो हात पाहिल्यावर गाडी परत अकोल्याला न्यायला वकिलांना ड्रायव्हर सापडेना.