आईच्या लायसन्समध्ये आता कारही

मंडळी, आज जळगावात आईची कारची टेस्ट झाली.

तिच्याकडे इतकी वर्षं बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन्स होतं. त्यावर बाबांची गिअरची मोटरसायकलसुद्धा चालवता येत नाही, कार तर लांबच. म्हणून साठीला आलेल्या आईने क्लास लावला.

टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "अक्का, स्कूटर आहे ना? मग आता कार कशाला?"

आई आमच्या अहिराणीत म्हणाली, "मनी मोठी बहीन शिरपूरले शे. गुडघामुळे तिले एस्टीमा चढता येत नही. तिले घर आनानी शे."

साहेब हसले. "बसा मग."

चढावर गाडी बंद पडलेली मला बाहेरून दिसली. आईने हँडब्रेक ओढला, गाडी सुरू केली आणि मागे न घसरता वर नेली. पास झाली.

बाहेर येताच तिने मावशीला फोन लावला. "लायसन्स हातमा पडनं का तुले लेवाले येसू." म्हणजे, तुला घ्यायला येईन.

मावशीने विचारलं, "कोनासंगे?"

"मीच चालाडसू गाडी," आई म्हणाली, आणि दोघी बराच वेळ हसत राहिल्या.

तुमच्या आईला कार चालवता आली, तर ती आधी कोणाकडे जाईल? आज तिलाच विचारून बघा.