प्योंगयांगमधली चित्राहुती

मुलांनो, सुरतेहून यंत्रमागवाल्यांची एक सहल चीनला निघाली होती. तुमचे आजोबा गिरणीतून विव्हिंग मास्तर म्हणून निवृत्त झालेले. ओळखीने आम्हालाही जागा मिळाली. तिथून पुढे उत्तर कोरियात जायची सोय होती, पण विकायला-घ्यायला काही नाही म्हटल्यावर व्यापारी मागेच राहिले. आम्ही दोघेच गेलो.

स्टेशनवरच आमच्या वरिष्ठ गाईडने पासपोर्ट मागून घेतले आणि कोटाच्या आतल्या खिशात घातले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, निदान तसं ते दाखवत. दुभाषी म्हणून विशीतली एक मुलगी होती. ती आमच्यावर लक्ष ठेवी आणि ते तिच्यावर. हॉटेलच्या खोलीतल्या आरशाआडून कुणी पाहत असेल म्हणून मी त्यावर टॉवेल टाकला. सकाळी बागेत बाबागाडी ढकलणारी बाई दुपारी दुसऱ्या बागेतही दिसली. बाळ तरी खरं होतं का, कोण जाणे.

पहिल्याच जेवणाला आजोबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि बाजूला भाताची चिमूट चिमूट शितं मांडली. सुरतेत डिंडोलीच्या लग्नात, टेबलखुर्चीवरही ते चित्राहुती सोडत नसत. गाईडच्या चॉपस्टिक थांबल्या.

"भात वाईट आहे का, विचारताहेत," मुलगी म्हणाली.

"नाही. हा पहिला वाटा."

"कुणाचा?"

"यमाचा," मी म्हणाले. "आणि माणसांची पापं लिहून ठेवणाऱ्या त्याच्या कारकुनाचा."

मुलीने गाईडकडे पाहिलं. मग ती त्यांच्याशी बरंच बोलली, माझ्या वाक्यांहून कितीतरी जास्त. गाईड उभे राहिले, कोट सारखा केला आणि आजोबांना लवून नमस्कार केला.

हात धुवायला ती माझ्यामागे आली आणि नळ पूर्ण सोडून म्हणाली, "इथे देवाचं नाव चालत नाही. मी सांगितलं, हा घास आमच्या दिवंगत नेत्यांसाठी आहे. कृपा करून रोज ठेवा. एकदा चुकलं तर ते मला जाब विचारतील."

ती खरं बोलत होती, की आम्हाला जोखत होती? खोलीत मी कुजबुजत आजोबांना सांगितलं.

"म्हणजे माझी चित्राहुती त्या माणसाच्या नावाने?"

"हळू बोला. नाव मनातच असतं ना?"

"तुला सगळं सोपं."

तरी त्यांनी रोज शितं मांडली. गाईड रोज पाहत.

शेवटच्या सकाळी टेबलावर भातच नव्हता. पाव आणि अंडी होती. पावाची चित्राहुती आजोबांनी जन्मात केली नव्हती. अंड्यांची बशी दूर सारून ते हात आखडून बसले. गाईड पाहत होते. मुलगी चहा ओतत होती; कप भरला तरी तिची किटली तशीच कललेली.

आजोबांनी पाव कुस्करला, चुरा ओळीने मांडला, ग्लासातलं पाणी भोवती फिरवलं. तिने किटली खाली ठेवली.

स्टेशनवर पासपोर्ट परत मिळाले. तिने दोघांशी हात मिळवला, चेहऱ्यावर काही नाही. गाडीने सरहद्दीचा पूल ओलांडला. मग मी विचारलं, "आज कुणाच्या नावाने ठेवलंत?"

"त्या पोरीच्या," ते म्हणाले, आणि डबा उघडून थेपले आहेत का पाहू लागले.